डिंक गाळणारा मका

पोरांनो, मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका नावाचं राज्य आहे. तिथल्या डोंगरात, टोटोन्टेपेक गावी, मिहे लोक पिढ्यान्‌पिढ्या ओलोतोन जातीचा एक मका लावतात. त्याचं ताट १६ फुटांच्याही वर जातं! पिकायला लागतात आठ महिने. जमीन मात्र हलकी, उताराची, आणि खत जवळजवळ नाहीच. मग हा वाढतो कशावर?

नेहमीच्या मक्याला खालच्या एक-दोन पेरांना आधाराची मुळं फुटतात, ती तुम्ही शेतात पाहिली असतील. या मक्याला अशी मुळं आठ-दहा पेरांवर येतात आणि वरची सगळी हवेतच लोंबत राहतात. पाऊस लागला की त्यांतून दाट, पारदर्शक डिंक गळू लागतो, भिजवलेल्या सब्जासारखा बुळबुळीत. खरी करामत आहे ती या डिंकात.

हवेत ७८ टक्के नत्र. प्रत्येक झाडाला तो लागतो, पण त्याचे दोन अणू एकमेकांना असे घट्ट धरून असतात की झाडाला ते सोडवता येत नाहीत. खताच्या कारखान्यात त्यासाठी प्रचंड दाब आणि ४०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. काही जिवाणू मात्र ते सहज करतात. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी दिसतात ना, तिथे तेच राबत असतात. मक्याला तशा गाठी येत नाहीत. शिवाय जिवाणूंचं हे काम ज्या विकरामुळे होतं, ते प्राणवायू लागला की निकामी होतं. आता डिंकाकडे बघा. त्यात साखर भरपूर, म्हणून जिवाणू जमतात; आणि तो इतका दाट, की आत प्राणवायू फारसा शिरत नाही. खाऊ तिथेच, आडोसाही तिथेच! मला तर ही युक्ती गाठींहूनही सुंदर वाटते.

संशोधकांनी मोजमापं घेतली आणि २०१८ साली जाहीर केलं, की या मक्यातला २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून येतो. आता हा गुण नेहमीच्या मक्यात उतरवायची धडपड चालू आहे. काम अवघड आहे, कारण डिंक गळायला हवेत ओल हवी आणि आठ महिने शेत अडकवून ठेवणं सगळ्यांना परवडत नाही.

हे बियाणं कुठल्या प्रयोगशाळेत तयार झालेलं नाही. मिहे शेतकऱ्यांनीच दरसाल कणसं निवडून ते राखलं. म्हणूनच संशोधकांनी गावाशी करार केला: यातून पुढे नफा झाला, तर त्यात गावाचाही वाटा राहील.