लगद्याचा कुत्रा : हस्तव्यवसाय आणि निरीक्षण यांचा एक पाठ

हस्तव्यवसायाच्या तासाला पुष्कळदा असे घडते की, शिक्षक फळ्यावर एक आकृती काढतात, मुले तिची नक्कल करतात आणि तासाअखेर चाळीस मुलांच्या हाती चाळीस एकसारख्या वस्तू दिसतात. वस्तू तयार होते. परंतु मुलाने काही पाहिले, असे म्हणता येत नाही. हा दोष टाळावयाचा असेल तर असा विषय निवडावा की, ज्याचा नमुना फळ्यावर नव्हे, तर शाळेच्या दाराशीच सापडतो. गावातील कुत्रा हा असा विषय आहे. तो प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो आणि तरीही फारच थोड्यांनी तो नीट पाहिलेला असतो.

कुत्र्याची आकृती घडविणे हे मनुष्याचे फार जुने काम आहे. हडप्पा येथील उत्खननात गळ्यात पट्टा असलेल्या कुत्र्यांच्या मृण्मूर्ती मिळाल्या आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेल्या धातूच्या रथाला दोन बैल जुंपलेले असून त्याच्या दांडीवर एक लहानसा कुत्रा उभा आहे. खंडोबाच्या आणि दत्ताच्या चित्रांत कुत्र्याला स्थान आहे, हे तर सर्वांस ठाऊकच आहे. जपानात कागदाच्या लगद्यापासून केलेला रंगीत कुत्रा नवजात बालकाच्या कल्याणासाठी भेट देण्याची प्रथा आहे. कागदाचा लगदा हे माध्यम खेड्यातील शाळेलाही परवडणारे असल्यामुळे येथे त्याचाच विचार केला आहे.

प्रथम निरीक्षण

कामास आरंभ करण्यापूर्वी दोन-तीन दिवस मुलांना दुरून कुत्रा पाहावयास सांगावे. जवळ जाणे, हात लावणे, खडा मारणे किंवा हाक मारून उठविणे यांस सक्त मनाई असावी. पाहण्यास निश्चित प्रश्न द्यावेत. कान उभे आहेत की पडलेले? शेपटी पाठीवर वळलेली आहे की खाली? बसताना प्रथम पुढचे पाय टेकतात की मागचे? मागच्या पायाचा गुडघा कोठे आहे?

शेवटच्या प्रश्नाला बहुतेक मुले चुकीचे उत्तर देतील. मागच्या पायाला उलटा वाकलेला जो सांधा दिसतो, तो गुडघा नसून टाच आहे. कुत्रा बोटांवर चालतो आणि त्याची टाच जमिनीपासून वर राहते. खरा गुडघा पोटालगत असतो. हे एकदा ध्यानात आले म्हणजे खुर्चीच्या पायांसारखे चार सरळ पाय करण्याची चूक मूल पुन्हा करीत नाही.

साहित्य व कृती

वीतभर लांबीच्या एका कुत्र्यास वर्तमानपत्राची चार-पाच पाने पुरतात. कागदाचे बारीक तुकडे करून ते रात्रभर पाण्यात भिजत घालावेत. दुसऱ्या दिवशी ते दगडावर कुटून लगदा करावा व पाणी पिळून काढावे. गव्हाच्या पिठाची शिजवलेली खळ त्यात मळावी. पिठाऐवजी चिंचोक्याची खळही चालते. धनगर लोक घोंगडीला देतात तीच ही खळ होय. लगद्यात थोडी मेथीची पूड मिसळल्यास तो चिकट होतो. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची रीत बुकबांधणीच्या कामात आहे. परंतु मोरचूद विषारी असल्याने ते शाळेत वापरू नये.

सांगाड्यासाठी बांबूच्या कामट्या घ्याव्यात. त्या शिक्षकांनी स्वतः तासून व कडा घासून मुलांच्या हाती द्याव्यात. एक कामटी पाठीच्या कण्यासाठी व चार पायांसाठी सुतळीने बांधून घ्याव्यात. शेपटी हा कण्याचाच पुढचा भाग आहे, म्हणून कण्याची कामटी मागे लांब ठेवावी; निराळी शेपटी मागाहून चिकटविल्यास ती हमखास गळून पडते. सांगाड्याभोवती पेंढा गुंडाळून छाती रुंद व कंबर बारीक करावी आणि त्यावर खळीत बुडविलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे दोन थर द्यावेत.

हे थर सुकल्यावर लगदा लावावा. एका वेळी अर्ध्या बोटापेक्षा जाड थर देऊ नये. जाड थर बाहेरून सुकतो, आत ओला राहतो आणि त्याला बुरशी येते. वस्तू सावलीत, वाऱ्याच्या जागी सुकवावी; कडक उन्हात तिला भेगा पडतात. सुकण्यास तीन-चार दिवस लागतात, म्हणून हे काम पावसाळा संपल्यावर घ्यावे.

पोत

कुत्र्याच्या अंगावर सर्वत्र सारखे केस नसतात. नाकपुड्या गुळगुळीत, कपाळावरील केस आखूड, मानेवरील दाट आणि शेपटीखालचे लांब असतात. हा भेद बोटांना कळावा, हाच या पाठाचा गाभा आहे. नाकाचा लगदा ओला असताना चमच्याच्या पाठीने घोटावा. आखूड केसांसाठी मोडक्या फणीने डोक्याकडून शेपटीकडे रेघा ओढाव्यात. मानेसाठी पिंजलेला काथ्या व शेपटीसाठी सुतळीचे उकललेले धागे खळीने बसवावेत. पंजाखाली बारीक वाळू किंवा लाकडाचा भुसा चिकटविल्यास तळव्याचा खरखरीतपणा येतो. दृष्टी मंद असलेल्या मुलाला या कामात विशेष वाव मिळतो. पोत ओळखण्यात त्याची बोटे कित्येकदा इतरांच्या पुढे जातात.

डोळ्यांसाठी चिंचोके बसवावेत. त्यांचा तपकिरी रंग व चकाकी कुत्र्याच्या डोळ्याशी चांगली जुळते. गुंजा मात्र कधीही वापरू नयेत. फुटलेली वा चावलेली गुंज पोटात गेल्यास जिवास धोका होतो. रंगासाठी गेरू, हळद व काजळी बाभळीच्या डिंकात कालवून घ्यावीत.

तीन कुत्रे, तीन मनःस्थिती

वर्गाचे तीन गट पाडून प्रत्येकास निराळा कुत्रा द्यावा. पहिला निवांत : अंग सैल, तोंड किंचित उघडे. दुसरा भ्यालेला : अंग आखडलेले, कान मागे, शेपटी पायांत. तिसरा रागावलेला : पाय ताठ, मानेवरील केस उभे, दात दिसणारे. हे तिन्ही कुत्रे शेजारी ठेवले म्हणजे भ्यालेला कुत्राही चावू शकतो आणि शेपटी हलविणारा प्रत्येक कुत्रा स्नेहानेच ती हलवितो असे नाही, हे समजावून देता येते.

हे ज्ञान केवळ कलेसाठी नाही. रेबीज हा रोग कुत्र्याच्या लाळेतून मनुष्यास होतो आणि त्याची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. त्याच्या बळींत ५ ते १४ वर्षे वयाच्या मुलांचे प्रमाण मोठे आहे. लुई पाश्चर याने १८८५ साली ज्या रुग्णावर आपल्या लसीचा प्रथम प्रयोग केला, तोही कुत्रा चावलेला ९ वर्षांचा मुलगाच होता. म्हणून निजलेल्या, खाणाऱ्या किंवा पिलांजवळच्या कुत्र्याच्या वाटेस जाऊ नये. कुत्रा अंगावर आल्यास न पळता, हात अंगाशी धरून, नजर खाली ठेवून झाडासारखे स्थिर उभे राहावे, हे नियम मूर्ती पुढ्यात ठेवून सांगावेत व मुलांकडून करवून घ्यावेत.

कुत्रा चावला, ओरखडला किंवा उघड्या जखमेस त्याने चाटले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, तेल यांपैकी काहीही लावू नये. मुलास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे आणि लशीच्या ठरलेल्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. जखम लहान आहे किंवा चावणारे पिलू होते, म्हणून हयगय करू नये. कित्येक मुले मार बसेल या भयाने चावा लपवितात. चावा सांगणाऱ्या मुलास कोणी रागावणार नाही, अशी ग्वाही शिक्षकांनी याच तासाला स्पष्ट शब्दांत द्यावी.

तयार कामांचे मूल्यमापन करताना सर्वांत सुबक कुत्रा कोणता, हे शिक्षकांनी विचारू नये. कोणत्या मुलाने दुसऱ्याच्या नजरेस न आलेली गोष्ट पाहिली, हे पाहावे. एखाद्याच्या कुत्र्याचा एक कान फाटलेला असेल; तो गावातील खऱ्या कुत्र्याचाच कान आहे, असे चौकशीअंती आढळेल. असे मूल उद्या त्या कुत्र्याला दगड मारण्याचा संभव कमी आणि त्याच्या अंगावरील केस उभे राहिलेले वेळीच ओळखण्याचा संभव अधिक.