आधी स्वतःचा कप्तान

1951-52 चा रणजी अंतिम सामना, मुंबई विरुद्ध होळकर. दत्तू फडकरांचा उसळता चेंडू होळकरांच्या कप्तानाच्या तोंडावर बसला आणि दात पडले. कप्तानाचं वय होतं छप्पन्न. सी. के. नायडूंनी पडलेले दात बॅटने खेळपट्टीवरून बाजूला सारले, बाहेर जायला नकार दिला आणि फडकरांना वेग कमी करू नका म्हणून बजावलं, असं सांगतात.

मी इंदूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. माझ्या मुलीला असं लागलं तर मी तिला तडक दवाखान्यात नेईन. त्यामुळे या गोष्टीतलं रक्त मला महत्त्वाचं वाटत नाही. वय आणि दुखापत बाजूला ठेवून त्यांनी सवलत नाकारली, ते वाटतं. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर अशी नावाजलेली माणसं ज्या संघात होती, तिथे नायडूंची कडक शिस्त चालली ती यामुळेच. जे इतरांकडून हवं, ते आधी त्यांच्या स्वतःच्या अंगात दिसे. होळकर संघाने 1945-46 ते 1952-53 या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला.

शाळेत कप्तान निवडायची वेळ आली की पालक मला धावा मोजून दाखवतात. मी मात्र बाद झाल्यावर मुलगी काय करते ते बघते. गेल्या हंगामात आमच्या एका मुलीला पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागल्याचा आवाज मला सीमेपाशी स्पष्ट ऐकू आला होता. ती परत आली, पॅड सोडले, तेच पुढच्या मुलीच्या पायाला बांधून दिले आणि स्कोअरबुक मांडीवर घेऊन बसली. डोळे भरलेले होते, पण अक्षर सरळ होतं. यंदाची कप्तान तीच.

पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "मॅडम, उशिरा येणाऱ्यांना मी बोलू का?"

"एवढ्यात नको. महिनाभर तू सगळ्यांच्या आधी ये. मॅटिंगचे खिळे ठोकायला हात लाव. झेल सुटला की कुणाकडे बघतेस, तेवढं लक्षात ठेव."

राग, वेळ आणि शरीर एवढं तरी आधी आपल्या हाती हवं. दुकान चालवणाऱ्याला, वॉर्डातल्या नर्सला, पीथमपूरच्या कारखान्यात नव्याने सुपरवायझर झालेल्या पोरालाही हेच लागू आहे. हाताखाली माणसं आली की आपलं वागणं रोज तपासलं जातं.

स्वतःला ओळखण्याचं दुसरं उदाहरण 1932 चं. इंग्लंड दौऱ्याचे कप्तान होते पोरबंदरचे महाराज. आपला खेळ कसोटीच्या तोडीचा नाही हे ओळखून ते लॉर्ड्सच्या सामन्यातून स्वतःहून बाजूला झाले. भारताच्या त्या पहिल्या कसोटीत नेतृत्व नायडूंकडे आलं. क्षेत्ररक्षणात हाताला जबर दुखापत होऊनही पहिल्या डावात संघाच्या सर्वाधिक 40 धावा त्यांच्याच होत्या. महाराजांचं ते बाजूला होणं मला त्या 40 धावांइतकंच मोलाचं वाटतं. मिळालेली खुर्ची दुसऱ्याच्या भल्यासाठी सोडायला फार मोठा ताबा लागतो, आणि आपल्याकडे त्याची आठवण कुणी काढत नाही.

नायडू शेवटचा रणजी सामना 1956-57 मध्ये उत्तर प्रदेशकडून खेळले, बासष्टाव्या वर्षात, आणि अर्धशतक काढलं. मैदानाच्या फेऱ्या टाळणाऱ्या मुलींना मी आधी हे वय सांगते, मग धावा.