चाल एक, शब्द अनेक

दोस्तांनो, स्नेहसंमेलनासाठी एखाद्या सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर तुम्ही स्वतःचे शब्द बसवले आहेत का? नक्कीच बसवले असतील! आपल्या पणज्याही हेच करायच्या, बरं का. जात्यावरच्या ओवीची चाल जुनीच, पण शब्द रोज नवे. आज अशाच एका चालीची गोष्ट ऐका. ती आहे वेल्स देशातली.

वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला छोटासा, डोंगराळ देश. तिथल्या लोकांची स्वतःची भाषा आहे, वेल्श. ‘आर हीड अ नोस’ ही तिथली जुनी लोकधून. या शब्दांचा अर्थ ‘रात्रभर’. एडवर्ड जोन्स या हार्पवादकाने १७८४ मध्ये ती आपल्या संग्रहात छापली. चाल अगदी सोपी आहे. पहिली ओळ, पुन्हा तीच, मग जरा वर चढणारी वेगळी ओळ आणि शेवटी परत पहिली. मधूनमधून ‘रात्रभर’ हे पालुपद. एकदा ऐकली की गुणगुणता येते!

अशा चालींवर लोकांनी प्रार्थना रचल्या. १८२३ मध्ये कलकत्त्याचे बिशप झालेले रेजिनाल्ड हेबर यांनी याच चालीसाठी संध्याकाळची प्रार्थना लिहिली. आणि वेल्श सूर आपल्या देशातही आले. १८४१ मध्ये थॉमस जोन्स हे वेल्श मिशनरी चेरापुंजीला पोचले. खासी लोक आपल्या भूमीचं गीत वेल्सच्या राष्ट्रगीताच्या चालीवर गातात, ठाऊक होतं तुम्हाला?

दक्षिण वेल्समध्ये कोळशाच्या खाणी होत्या. आठवडाभर माणसं जमिनीखाली, अंधारात राबायची आणि रविवारी चॅपेलमध्ये जमून गायची. स्वरलिपीच्या रेघा आणि ठिपके वाचायला शिकवणार कोण? म्हणून ती ‘डो, रे, मी’ अशा अक्षरांवरून गाणं शिकली. आपला ‘सा’ जसा कुठल्याही पट्टीत लावता येतो, तसाच त्यांचा ‘डो’. चार गट चार वेगळ्या सुरावटी एकाच वेळी गायचे. कुणी कुणाची नक्कल करायची नाही आणि कुणी कुणाला झाकायचंही नाही. तरी गाणं एकच!

या सुरांवर एका थोर अमेरिकन गायकाचा जीव जडला. त्यांचं नाव पॉल रोबसन. त्यांचे वडील लहानपणी गुलाम होते. रोबसन लंडनच्या रंगभूमीवर गाजत होते, तेव्हाची, म्हणजे १९२० च्या दशकाच्या अखेरची गोष्ट. वेल्समधले बेकार खाण कामगार मदत मागायला पायी लंडनला आले होते. ते रस्त्यात गात होते. रोबसन यांनी ते सूर ऐकले आणि सरळ त्यांच्या मोर्चात सामील झाले. तिथून जुळलेली मैत्री आयुष्यभर टिकली.

पुढे रोबसन वर्णभेदाविरुद्ध ठामपणे बोलू लागले. त्यांची मतं अमेरिकी सरकारला खटकली. १९५० मध्ये त्यांचा पासपोर्टच रद्द झाला. आता परदेशी जाऊन गायचं कसं?

खाण कामगारांनी युक्ती काढली! ऑक्टोबर १९५७ मध्ये वेल्समधल्या पोर्थकॉल गावी त्यांचा गाण्यांचा मेळा होता. रोबसन न्यूयॉर्कच्या स्टुडिओत उभे राहिले. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या टेलिफोनच्या तारेतून त्यांचा धीरगंभीर आवाज हजारो श्रोत्यांपर्यंत पोचला. बीथोवनच्या चालीवरचं ‘सारी माणसं भाऊ-भाऊ’ हे गीत त्यांनी गायलं आणि ‘रात्रभर’ ही वेल्श लोकधूनही! मग पोर्थकॉलमधल्या गायकांनी त्यांच्यासाठी गाणी म्हटली. तार एकच, पण सूर दोन्ही बाजूंनी धावत होते. पासपोर्ट काढून घेता येतो, पण आवाज कसा अडवणार?

१९५८ मध्ये पासपोर्ट परत मिळाला आणि रोबसन वेल्सला गेले. एबू व्हेल गावच्या राष्ट्रीय मेळ्यात वेल्श लोकांनी त्यांना कोणती भेट दिली असेल? प्रार्थनागीतांचं पुस्तक!

दोस्तांनो, आता तुमची पाळी. आजीला एखादी जुनी चाल विचारा आणि तिच्यावर मैत्रीच्या चार ओळी बांधा. आणि हो, वर्गात जो कधीच गात नाही, ज्याला कुणी बोलावत नाही, त्याला आधी बोलवा. त्याचा सूर वेगळा असेल, तर फारच छान!