छातीतली न दुखणारी गाठ



घरातल्या एखाद्या बाईच्या छातीत गाठ लागली की बहुधा दोनच गोष्टी घडतात. लाजेपायी ती कोणाला सांगत नाही. आणि सांगितलेच, तर ‘दुखत नाही ना? मग जाईल विरून,’ असे म्हणून घरची मंडळी गप्प बसतात. आज ज्या विरळा गाठीची माहिती सांगावयाची आहे, ती क्वचितच दुखते. म्हणूनच ती फसवते.

हिचे नाव फायलॉइड्स ट्यूमर. १८३८ साली योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. कापल्यावर आत पानांसारखे पदर दिसले, म्हणून पान या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले. स्तनात होणाऱ्या शंभर गाठींत अशी एकही भरत नाही. ती बहुधा चाळिशीच्या सुमारास होते. तिचे प्रकार तीन : साधी, मधली आणि मारक.

आता ही ओळखावी कशी? हाताला ती गोल, घट्ट आणि सरकणारी लागते. तरुण मुलींना होणारी फायब्रोअ‍ॅडिनोमा ही निरुपद्रवी गाठही अगदी अशीच लागते. सोनोग्राफीतही दोघी बहिणी-बहिणी दिसतात. फरक दिसतो तो वाढीत. लिंबाएवढी गाठ थोड्याच महिन्यांत मोसंबीएवढी झाली, तर दवाखाना गाठलाच पाहिजे. बारीक सुईने काढलेल्या पेशींवरून पुष्कळदा निवाडा होत नाही. म्हणून जाड, पोकळ सुईने तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कधी कधी तर सबंध गाठ काढून तपासल्यावरच ती साधी की मारक, हे ठरते.

मुख्य उपाय शस्त्रक्रियेचा. पण शेंगेतून दाणा काढावा तशी नुसती गाठ काढून भागत नाही. शेतातला कुंदा वरवर खुरपला तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. मुळी राहिली की तो पुन्हा उगवतो. तसेच हिचे आहे. म्हणून, विशेषतः मधल्या आणि मारक प्रकारांत, भोवतालचा साधारण एक सेंटिमीटर निरोगी भागही गाठीबरोबर काढतात. गाठ फार मोठी असेल तर सबंध स्तन काढावा लागतो. हा रोग काखेत क्वचितच जातो. मारक प्रकार रक्तावाटे फुफ्फुसांत पसरू शकतो. म्हणून छातीचीही तपासणी होते. पुन्हा उगवू नये यासाठी काही जणींना किरणोपचार देतात. नेहमीच्या स्तनकर्करोगावरील हार्मोनविरोधी गोळ्यांचा इथे उपयोग होत नाही. तेव्हा शेजारणीच्या गोळ्या आपल्याला चालतील, असे समजू नका.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. काढलेली कोणतीही गाठ तपासायला पाठवा आणि तो कागद जपून ठेवा. ‘साधीच होती’ हे कागदाने सांगावे, अंदाजाने नव्हे. दुसरे असे, की जखम भरली म्हणजे काम संपले असे नाही. उलटणारी गाठ बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटते, म्हणून बोलावले त्या तारखेला तपासणीस जा.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत माता-पालक जमतात तेव्हा हा विषय संकोच न बाळगता काढा. छातीतल्या बहुतेक गाठी साध्याच असतात, हेही आवर्जून सांगा. भीती कमी झाली की बाई बोलते. आणि ती वेळेवर बोलली, तर पुष्कळदा थोडक्यात निभावते.