आज्ञापत्रातील राजनीतीचा पेच

उदयोन्मुख राज्यापुढील बिकट प्रश्न शत्रूंपेक्षा, ज्यांच्यावाचून राज्य चालत नाही अशांचा असतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चे (सुमारे १७१५) हेच मर्म होय. वतनदारांवाचून वसुली होत नाही. परंतु ते स्वतःस स्वतंत्र अधिपतीच मानतात. म्हणून अमात्य त्यांचा उच्छेद सांगत नाहीत, स्नेह आणि दंड यांच्या मर्यादेत त्यांना ठेवावे, असे सुचवितात. टोपीकरांचा व्यापार राज्यास हितावह; मात्र त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे व आरमार उभे असल्यामुळे त्यांस किनाऱ्यावर ठाणे देऊ नये.

हे केवळ ग्रंथगत सूत्र नव्हे. राजाराम महाराज जिंजीस असताना हुकुमतपन्हा या नात्याने अमात्यांनीच महाराष्ट्रातील कारभार सांभाळला होता; सरदारांस राखण्यासाठी वतने द्यावी लागतात, हे त्यांनी अनुभविले होते. ग्रंथाच्या गद्यातील संयम या अनुभवातून आलेला आहे.

पुढे १७५६ मध्ये हे दोन्ही प्रश्न एकत्र आले. न जुमानणाऱ्या तुळाजी आंग्र्यांस आवरण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे साह्य घेतले आणि विजयदुर्गापाशी मराठी आरमाराचाच मोठा भाग भस्मसात झाला.