'टिनटिन काँगोंत' : एका चित्रकथेचे पाठभेद व बंदीचा प्रश्न

जुन्या पुस्तकांतील मजकूर आज कोणास अपमानकारक वाटला, तर तें पुस्तक बंद करावें, सुधारावें, कीं जसेंच्या तसें ठेवावें, हा प्रश्न अलीकडे युरोप-अमेरिकेंत लहान मुलांच्या चित्रकथांसंबंधानें वारंवार निघतो. जुनीं पुस्तकें व हस्तलिखितें जमविणाऱ्यांस त्याकडे दुर्लक्ष करितां येणार नाहीं. कारण बंदीचा हुकूम सुटो वा न सुटो, मध्यंतरीं पुस्तकाचा पाठ बदललेला असतो, आणि आपण कोणत्या प्रतीविषयीं बोलत आहों याचें भान वाद घालणाऱ्यांस पुष्कळदां नसतें. बेल्जममधील 'टिनटिन काँगोंत' ही चित्रकथा याचें ठळक उदाहरण होय. म्हणून तिच्या प्रतींची हकीकत प्रथम देतों.

या कथेचा कर्ता जॉर्ज रेमी; एर्जे हें त्याचें टोपणनांव. ब्रसेल्स येथील 'ल व्हँतिएम सिएक्ल' या कॅथलिक वृत्तपत्राच्या मुलांच्या पुरवणींत ही कथा १९३० च्या जूनपासून १९३१ च्या जूनपर्यंत क्रमशः आली, व १९३१ सालींच पुस्तकरूपानें निघाली. पत्राचे चालक नॉर्बेर वालेझ हे धर्मोपदेशक होते. बेल्जमच्या मुलांस आपल्या वसाहतीची ओढ लागावी हा त्यांचा हेतु, आणि त्यांच्याच सांगण्यावरून एर्जेनें आपल्या नायकास काँगोंत धाडलें. हा मुलूख १८८५ पासून १९०८ पर्यंत राजा दुसरा लिओपोल्ड याची जणूं खाजगी मालमत्ता होता. रबराच्या वसुलीपायीं तेथें झालेल्या अत्याचारांचा जगभर बोभाटा झाल्यावर १९०८ सालीं बेल्जम सरकारनें तो आपल्या ताब्यांत घेतला. एर्जे त्या देशीं कधींच गेला नव्हता. ब्रसेल्सजवळ तेरव्ह्यूरेन येथें असलेल्या काँगोच्या सरकारी संग्रहालयांतील वस्तु आणि चारचौघांकडून ऐकलेल्या गोष्टी, यांवरच त्याची मुख्य भिस्त होती.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. काँगोचीं माणसें सर्व एका सांच्यांतलीं. जाड ओंठ, वाटोळे डोळे, मोडकी फ्रेंच भाषा, अंगावर युरोपियन कपड्यांचे हास्यास्पद तुकडे. टिनटिनच्या लहानशा मोटारीवर आपटून त्यांची आगगाडी कलंडते, आणि ती उभी करावयाची तर त्यांस दटावावें लागतें. दटावणाऱ्यांत टिनटिनचा कुत्राही आहे! शेवटीं गांवकरी टिनटिनची व त्या कुत्र्याची मूर्ति उभारून तिच्यापुढें गुडघे टेकतात.

आतां पाठभेद. १९३१ चें पुस्तक काळ्या-पांढऱ्या चित्रांचें, ११० पृष्ठांचें होतें. तें सगळें नव्यानें काढून १९४६ सालीं रंगीत ६२ पृष्ठांत बसविलें. संग्राहकांस दोन्ही पाठ ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पहिलें चित्र: निरोप देणाऱ्या घोळक्यांत मिशीवाले दोन जुळे दिसणारे गुप्तहेर असले, तर पाठ १९४६ चा किंवा त्यानंतरचा समजावा. परंतु महत्त्वाचा भेद शाळेच्या प्रसंगांत आहे. जुन्या पाठांत टिनटिन मिशनच्या शाळेंतील काँगोच्या मुलांस 'तुमचा देश बेल्जम' याविषयीं धडा देऊं लागतो. नव्या पाठांत तो फळ्यावर दोन आणि दोन किती हें विचारतो. इतरत्रही बेल्जमचे उल्लेख असेच गाळले आहेत. चेहरे, बोली, मूर्तिपूजा हीं मात्र राहिलीं. म्हणजे गाळलें तें वसाहतवाल्याचें नांव, आणि ठेवला तो वसाहतींतल्या माणसांचा उपहास. पुढें १९७५ सालीं स्कँडिनेव्हियांतील प्रकाशकांनीं हरकत घेतल्यावरून एक पान बदललें. त्यांत टिनटिन जिवंत गेंड्याच्या पाठीस भोंक पाडून सुरुंगाच्या दारूनें त्यास उडवितो. नव्या पानांत गेंडा सुखरूप पळून जातो. गेंड्याची दाद लागली. माणसांची लागली नाहीं, एवढेंच येथें नमूद करितों.

पाठ बदलणाऱ्याचा हेतु दर वेळीं शुद्धच असतो असेंही नाहीं. याच मालिकेंतील 'सोनेरी नांग्यांचा खेंकडा' या कथेंत १९६० च्या सुमारास अमेरिकन प्रकाशकाच्या आग्रहावरून दोन कृष्णवर्णीय पात्रें काढून त्यांच्या जागीं दुसऱ्या वर्णाचीं घातलीं. कारण काय, तर मुलांच्या पुस्तकांत गोरे व काळे एकत्र दिसूं नयेत! परंतु चित्र बदललें तरी संवाद तसाच राहिला. कप्तानास मारणारा मनुष्य चित्रांत आतां काळा नाहीं, कप्तान मात्र त्यास काळाच म्हणतो. पोथींत लेखकानें एक ओळ बदलावी व तिच्यावर अवलंबून असलेली पुढली विसरावी, तसाच हा प्रकार. याच्या उलट, 'गूढ तारा' ही कथा १९४१-४२ सालीं जर्मनांच्या ताब्यांतील 'ल स्वार' या पत्रांत येत असतां तींत यहुदी व्यापाऱ्यांची टवाळी करणारीं चित्रें होतीं. १९४२ च्या पुस्तकांत तीं नाहींत. आज तीं पाहावयाचीं तर त्या पत्राच्या फायलीकडेच वळावें लागतें.

बंदीचा प्रश्न उघडपणें निघाला तो २००७ सालीं. इंग्लंडांतील वांशिक समतेच्या आयोगानें हें पुस्तक विकूं नये असें मत दिलें, व कांहीं दुकानांनीं तें मुलांच्या कप्प्यांतून काढून मोठ्यांच्या कप्प्यांत ठेविलें. त्याच सालीं ब्रसेल्स येथें राहणाऱ्या एका काँगोच्या विद्यार्थ्यानें फिर्याद केली. त्याची मागणी बंदीची होती. पण ती न मिळाल्यास निदान इंग्रजी आवृत्तीप्रमाणें इशाऱ्याची प्रस्तावना तरी जोडावी, असेंही त्याचें म्हणणें होतें. २००५ सालीं निघालेल्या रंगीत इंग्रजी आवृत्तीस तशी प्रस्तावना होतीच. २०१२ च्या फेब्रुवारींत न्यायालयानें फिर्याद फेटाळली, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अपिलांतही तोच निकाल कायम झाला. द्वेष पसरविण्याचा हेतु सिद्ध होत नाहीं, असा निकालाचा मथितार्थ होता.

बंदी नाकारली हें आमच्या मतें योग्यच झालें. तथापि फिर्यादीची दुसरी मागणी पहिलीहून अधिक विचार करण्यासारखी होती, आणि तिचा बळी पहिलीबरोबर गेला. 'तो काळच तसा होता' असें म्हणून मोकळें होणाऱ्यांस आमचें विचारणें आहे कीं, तो काळ कसा होता हें सात वर्षांच्या मुलास कोण सांगणार? ज्या मुलाचा चेहरा त्या चित्रांतल्यासारखा मानला जातो, त्यास वर्गांत काय ऐकावें लागतें, हें त्याच्या बापास कळतें. संग्राहकास कळेलच असें नाहीं. दुसऱ्या पक्षीं, पुस्तक नाहींसें झालें तर वसाहतीनें आपल्या मुलांस काय शिकविलें याचा समकालीन पुरावाही जातो, आणि तो पुरावा काँगोच्याच लोकांस अधिक उपयोगाचा आहे. १९३१ च्या प्रतींतील तो शाळेचा धडा फिर्यादीच्या बाजूनें जितका बोलतो, तितका कोणताही वकील बोलणार नाहीं. १९४६ च्या प्रतींत मात्र साक्षीदार बेरीज शिकवीत उभा आहे.

आपल्याकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून तयार केली. तींत डॉ. सुखटणकरांनीं घालून दिलेला दंडक असा कीं, संहितेंत न घेतलेला पाठ टाकावयाचा नाहीं. तो पानाच्या तळाशीं द्यावयाचा, व मोठे प्रक्षेप परिशिष्टांत. असल्या चित्रकथांस हीच पद्धति लावावी असें आम्ही सुचवितों. तिन्ही पाठ साल घालून छापावे, काय केव्हां व कोणाच्या सांगण्यावरून बदललें तें लिहावें, आणि हें पुस्तक मुलांच्या फळीवर ठेवूं नये. फळी बदलणें म्हणजे बंदी नव्हे. ज्यांच्यापाशीं १९३१ ची प्रत किंवा पुरवणीचे सुटे अंक असतील, त्यांनीं तीं कुलुपांत न ठेवितां छायाचित्रें घेऊं द्यावीं, ही विनंति.

तेरव्ह्यूरेनच्या संग्रहालयांत याचा एक मासला पाहावयास मिळतो. टिनटिनवर चाल करून येणारा, बिबळ्याचें कातडें पांघरलेला मनुष्य एर्जेनें घेतला तो तेथील पॉल विसार्त याच्या शिल्पावरून. संग्रहालय पांच वर्षें बंद राहून २०१८ च्या डिसेंबरांत पुन्हां उघडलें, तेव्हां हें शिल्प फोडलें नाहीं, कीं पूर्वींच्या मानाच्या जागींही ठेविलें नाहीं. मुख्य मांडणींतून काढलेल्या इतर मूर्तींबरोबर तें एका वेगळ्या दालनांत नेलें. काँगोचा चित्रकार शेरी सांबा यानें २००२ सालीं काढलेलें एक चित्रही त्या दालनांत आहे. त्या चित्रांत हेंच शिल्प दोरांनीं बांधलेलें असून कृष्णवर्णीय माणसें तें संग्रहालयाबाहेर ओढीत आहेत, व गोरीं माणसें आंत.