रेषेचे व्याकरण : संगणकीय आराखडा आणि मस्तगडाचे उदाहरण

इमारतीचा नकाशा हा पाहावयाचा नसून वाचावयाचा असतो. दोन समांतर रेषा म्हणजे भिंत, त्यांतील खंड व त्याला लागून काढलेला वर्तुळाचा चतुर्थांश म्हणजे दार, बाणाने छेदलेल्या आडव्या रेघा म्हणजे जिना, हे संकेत ज्याने आत्मसात केले आहेत त्यालाच तो कागद बोलका होतो. ह्या संकेतांपैकी पुष्कळसे अध्याहृत असतात. कारागीर ते अनुभवाने भरून काढतो आणि कचेरीतील तपासनीस सवयीने. गेल्या साठ वर्षांत मात्र नकाशाला एक नवा वाचक लाभला आहे. संगणक हा तो वाचक होय. अध्याहृत असे काहीच त्याला कळत नाही. प्रत्येक रेषा कशाची हे त्याला नावाने सांगावे लागते. अभियांत्रिकी व वास्तुरचनेच्या कामी येणाऱ्या आज्ञावलींचा विचार भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी का करावा, ह्याचे उत्तर ह्या नावांच्या प्रश्नात आहे.

उदाहरणासाठी जालना शहरातील मस्तगड घेता येईल. शहराच्या पूर्वेस इ. स. १७२५ मध्ये निजामुल्मुल्क आसफजाह ह्याच्या कारकीर्दीत बांधलेल्या किल्ल्याची ही आतील गढी. किल्ल्याचा आकार चौकोनी, कोपऱ्यांवर अर्धवर्तुळाकार बुरूज, गढीत बांधकामाचा काल नोंदविणारा फारसी शिलालेख, आणि जिच्या अंगाला सज्जे व दालने काढलेली आहेत अशी एक विलक्षण विहीर. उत्तरकाली नगरपालिकेच्या कचेऱ्याही ह्याच गढीत भरत. (नावात ‘गड’ असला तरी हा डोंगरी किल्ला नव्हे. गड, गढी व कोट ह्यांतील भेद विशेषनामे नेहमीच पाळतात असे नाही.) आजच्या बांधकाम परवानगीचे नियम ह्या वास्तूला लावावेत असा येथे अर्थातच हेतू नाही. तिचे चित्रण संगणकात करावयाचे ठरविल्यास कोणते प्रश्न उभे राहतात एवढेच पाहावयाचे आहे.

संगणकावरील चित्रणाचा आरंभ साधारणतः आयव्हन सदरलँड ह्यांच्या ‘स्केचपॅड’पासून मानतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९६३ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढण्याची सोय दाखविली; परंतु तिचे खरे महत्त्व दुसरीकडेच होते. ह्या दोन रेषा समांतर राहोत, ही लांबी त्या लांबीइतकी असो, अशी बंधने यंत्राला एकदा सांगितली की पुढील फेरफारांत यंत्र ती स्वतः सांभाळी. शिवाय एक मूळ आकृती काढून तिच्या हव्या तितक्या प्रती चित्रात ठेवता येत आणि मूळ बदलले की सर्व प्रती बदलत. जाती व व्यक्ती हा आपल्याकडील शास्त्रकारांचा जुना वादविषय येथे एका यंत्रात कामाला लागलेला दिसतो.

डिसेंबर १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ बाजारात आले आणि लहान संगणकावर नकाशे काढणे सामान्य कचेऱ्यांच्या आवाक्यात आले. ह्या आज्ञावलीत चित्र हे थरांत विभागलेले असते. भिंतींचा एक थर, दारांचा दुसरा, मोजमापांचा तिसरा. प्रत्येक थराला नाव असते, आणि रेषा कोणत्या थरावर आहे ह्यावरून तिचा अर्थ ठरविता येतो. रेषेच्या अंगी स्वतःचा अर्थ नसतो. ‘अधिकार’ सूत्राखाली आलेल्या सूत्रांना पाणिनीय व्याकरणात त्या अधिकाराचा अर्थ प्राप्त होतो, तसाच काहीसा हा प्रकार समजावा.

दुसरा विचारप्रवाह ह्याहून पुढे गेला. चार्ल्स ईस्टमन ह्यांनी १९७५ मध्येच असे सुचविले होते की, संगणकात रेषा न साठविता वास्तूचे घटक साठवावेत. भिंत ही भिंत म्हणूनच नोंदवावी आणि तीमधून हवे ते नकाशे यंत्राने काढून द्यावेत. २००० मध्ये आलेल्या ‘रेव्हिट’सारख्या आज्ञावली ह्या मार्गाने चालतात. निरनिराळ्या आज्ञावलींना एकमेकींची भाषा कळावी म्हणून ‘आयएफसी’ नावाची जी सामाईक मांडणी तयार झाली, तिला २०१३ मध्ये पूर्ण आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. तीत भिंत, लादी, तुळई, खांब, जिना असे वर्ग ठरलेले आहेत. जे कोणत्याच वर्गात बसत नाही त्याच्यासाठी ‘प्रॉक्सी’ म्हणजे बदली घटक असा एक वर्ग ठेवलेला आहे. मस्तगडाचा बुरूज ह्यात नोंदवावयाचा झाला तर एक तर तो वक्र भिंतींत फोडावा लागतो, नाही तर ह्या अनामिकांच्या वर्गात टाकावा लागतो. मराठी माणसाला एका शब्दात कळणारी वस्तू जागतिक कोशात ‘इतर’ ठरते.

बुरुजाची रेषा काढण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. ऑटोकॅडमध्ये अनेक खंडांच्या एकसंध रेषेला ‘पॉलिलाइन’ म्हणतात. तिचा प्रत्येक खंड सरळ असतो किंवा कंस. कंस असल्यास त्याचा ‘फुगवटा’ एका संख्येने सांगितला जातो. कंसाने केंद्राशी केलेल्या कोनाच्या चतुर्थांशाचा स्पर्शक म्हणजे ही संख्या. सरळ खंडाचा फुगवटा शून्य. अर्धवर्तुळाचा कोन १८० अंश, त्याचा चतुर्थांश ४५ अंश, आणि ४५ अंशांचा स्पर्शक १. म्हणजे अर्धवर्तुळाकार बुरुजाचे अवघे वळण यंत्राच्या लेखी १ ह्या आकड्यात मावते. हा आकडा न देता कोणी बुरूज चार सरळ तुकड्यांनी भागविला, तर ३ मीटर त्रिज्या धरल्यास १४.१४ चौरस मीटरांऐवजी १२.७३ चौरस मीटरच भरतात. डोळ्याला दोन्ही चित्रे सारखीच बुरूज वाटतात.

हा क्षेत्रफळाचा हिशेब महाराष्ट्रात आता केवळ चित्रकाराचा राहिलेला नाही. बांधकामाच्या नकाशांची नियमांनुसार छाननी करणाऱ्या आज्ञावली येथील नगरपालिकांत व महानगरपालिकांत वापरात आल्या. पुण्यातील सॉफ्टटेक इंजिनिअर्स ह्या कंपनीची ‘ऑटोडीसीआर’ ही त्यांपैकी सुपरिचित. वास्तुविशारदाने प्रत्येक बंद रेषा ठरलेल्या नावाच्या थरावर ठेवावयाची, आणि यंत्राने समासांतरे, उंची, खोल्यांची मापे व क्षेत्रफळे नियमांशी ताडून अहवाल द्यावयाचा, अशी ह्या पद्धतीची रूपरेषा आहे. चुकीच्या थरावर पडलेली रेषा चुकीच्या विभक्तीतील शब्दाप्रमाणे असते. ती दिसते, परंतु वाक्यात तिचा अन्वय लागत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता ती राज्यभर, म्हणून जालन्यासही, लागू आहे. तीत बांधीव क्षेत्र मोजण्याचा जो नियम आहे त्यात प्रत्येक मजल्याच्या बांधकामाची बाहेरील कड प्रमाण मानली असून तिला ‘पी-लाइन’ असे म्हटले आहे. पॉलिलाइन काढण्याच्या आज्ञेचे ऑटोकॅडमधील नावही ‘पीलाइन’ असेच आहे, आणि हा योगायोग मानणे कठीण आहे. कायद्याचे शब्द यंत्राने शिकावेत हे स्वाभाविक. येथे यंत्राचा शब्द कायद्याने उचललेला दिसतो.

हा बदल शब्दापुरता नाही. बाल्कनी, गच्ची, कपाटाची जागा ह्यांना निरनिराळ्या सवलती असल्या की प्रत्येक जागेचे नाव काय ह्यावर तंटा होतो. नव्या नियमात उघडी बाल्कनी व कपाटेही, त्यांचा उपयोग काहीही असो, पी-लाइनच्या आत धरली आहेत. वाहिन्या व पोकळ्या आणि स्वतंत्रपणे सांगितलेल्या काही बाबी तेवढ्या वगळल्या आहेत. कडेच्या आतील सर्व मोजावे हा उत्सर्ग, आणि वगळावयाच्या बाबी हा अपवाद. नियमाची ही बांधणी वैयाकरणांना परकी वाटू नये. नावावरून अर्थ ठरविण्याची पद्धत सोडून कडेवरून अर्थ ठरविण्याची पद्धत नियमकर्त्यांनी पत्करली, आणि यंत्राला ती सोयीची आहे ह्यात शंका नाही.

घोटाळा होतो तो मराठीत. ‘एफएसआय’ ह्या इंग्रजी संज्ञेस शासकीय मराठीत ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणतात. चटई म्हणजे जमिनीवर अंथरता येते ती. ती भिंतीखाली अंथरता येत नाही. उलटपक्षी हा निर्देशांक ज्या क्षेत्रावरून काढतात ते पी-लाइनचे, म्हणजे बाहेरील भिंतींसह मोजलेले क्षेत्र असते. स्थावर संपदेच्या २०१६ च्या अधिनियमात ‘कार्पेट एरिया’ची व्याख्या आहे. तीत बाहेरील भिंती, बाल्कनी वा व्हरांडा व उघडी गच्ची वगळली असून आतील विभाजक भिंती धरल्या आहेत. मराठीत ह्यालाही चटई क्षेत्रच म्हटले जाते. बाहेरून १० मीटर बाजू असलेले चौरस घर व त्याला ३ मीटर लांब, १.२ मीटर रुंद उघडी बाल्कनी घ्यावी. पी-लाइनचे क्षेत्र १०३.६ चौरस मीटर होईल. बाहेरील भिंत २३ सेंटिमीटर जाड धरल्यास आतील क्षेत्र ९१.०१ चौरस मीटर. साडेबारा चौरस मीटरांचा, म्हणजे एका बेताच्या खोलीएवढा हा फरक एकाच शब्दाच्या पोटात दडलेला आहे. ज्याच्या जन्माची पुंजी त्या घरात गुंतली आहे आणि जो कागद मराठीतून वाचतो, त्याला आपण कोणते चटई क्षेत्र वाचतो आहोत हे शब्दावरून कळण्याचा मार्ग नाही. यंत्राची येथे चूक नाही. त्याने दोन स्वतंत्र रेषा दोन स्वतंत्र थरांवर ठेवल्या आहेत. दोन अर्थांना एक शब्द पुरविण्याचे काम परिभाषेने केले आहे. पहिल्या अर्थी ‘बांधीव क्षेत्र निर्देशांक’ हा शब्द स्वीकारण्यास कोणतीच अडचण दिसत नाही.

मस्तगडाच्या विहिरीकडे आता पुन्हा वळावे. तिच्यात बांधकामाची एक कड मातीला लागून आहे आणि दुसरी मधल्या पोकळीकडे. चित्रणात दोन बंद रेषा, एकीच्या पोटात दुसरी, आणि दोहोंमधील पट्टा म्हणजे सज्जे व दालने. क्षेत्रफळ निघेल, परंतु तो सज्जा आहे हे त्या पट्ट्यावरून कळणार नाही. जुन्या वास्तूंचे चित्रण हल्ली छायाचित्रांवरून किंवा लेसरच्या साहाय्याने मिळविलेल्या लक्षावधी बिंदूंवरून करतात. ते बिंदू स्थान दाखवितात, नाव सांगत नाहीत. नाव मनुष्यालाच द्यावे लागते, आणि तयार साच्यात जी नावे असतील तीच तो सहसा देतो. ओसरी, पडवी, माजघर, देवडी, कोनाडा ह्या शब्दांना साच्यात जागा नसेल तर जुने वाडे व गढ्या ‘रूम’ व ‘पॅसेज’ म्हणून नोंदल्या जातील आणि पुढील संशोधकाला ओसऱ्या किती वाड्यांना होत्या हे त्या साठ्यातून कधीच काढता येणार नाही.

लिपीची अडचण ह्यात फारशी उरलेली नाही. ऑटोकॅडच्या २००७ च्या आवृत्तीपासून चित्रातील अक्षरे युनिकोड संकेतानुसार साठविली जातात, तेव्हा देवनागरी मजकूर विशेष क्लृप्ती न करता ठेवता येतो. अडचण आहे ती शब्दांच्या व्याप्तीची. ओसरी व पडवी हे शब्द काही भागांत एकाच जागेसाठी, तर काही भागांत दोन निराळ्या जागांसाठी वापरतात. देवडी कोठे दारातील पहारेकऱ्याची जागा असते, कोठे सगळे प्रवेशदालनच. थरांच्या नावांची यादी करण्यापूर्वी प्रत्येक शब्दाची कड कोठून कोठपर्यंत जाते हे जिल्हावार, जुन्या गवंड्यांना व सुतारांना प्रत्यक्ष वास्तूत उभे करून विचारावे लागेल. जालना, अंबड व भोकरदन ह्या तालुक्यांपासून आरंभ केल्यास मराठी व दखनी अशा दोन्ही भाषांतील कारागिरांचे शब्द एकाच पाहणीत नोंदविता येतील.